न खेळलेले एकशे त्रेसष्ट

१४ जून २०२३, बुधवार. एकतीस लाख शहाऐंशी हजार चारशे येन. हा आकडा हिगाशिदे नावाच्या तरुणाने कागदावर लिहिला आणि कागद तात्सुमीकाकूंच्या पुढ्यात सरकवला. तो ओसाकाहून जुने व्हिडिओ गेम विकत घ्यायला आला होता. हातात पांढरे हातमोजे होते आणि उचललेले प्रत्येक खोके तो आधी नाकाशी नेऊन हुंगत होता. मला ते बघवत नव्हते.

अमागासाकीच्या बाजारगल्लीत काकूंचे खेळण्यांचे दुकान पंचेचाळीस वर्षे चालले. आता सगळी गल्लीच पाडायची आहे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकू सप्टेंबरात वृद्धाश्रमातल्या, जेमतेम सहा चटया मावतील एवढ्या खोलीत राहायला जाणार. माडीवरच्या एकशे त्रेसष्ट गेम-कॅसेटींचे काय करायचे, एवढेच ठरायचे राहिले होते. पुतण्या त्या आपल्या शेडमध्ये ठेवायला तयार होता. नाहीतर वीस तारखेला नगरपालिकेची कचऱ्याची गाडी येणारच होती. आणि तिसरा हा हिगाशिदे.

माल थेट घाऊक पेढीतूनच आल्याची खात्री त्याला हवी होती, म्हणून काकूंनी आमच्या पेढीला फोन केला. त्या काळातला मी एकटाच उरलोय. जुन्या पावत्या घेऊन गेलो.

त्या पावत्या माझ्याच अक्षरातल्या होत्या. १९९० च्या फेब्रुवारीत एका खेळासाठी मुले दुकानांपुढे रांगा लावत होती. आमच्या पेढीचा नियम असा, की त्या खेळाचे दहा नग हवे असतील तर गोदामात पडून असलेले, कोणी विचारत नसलेले पंधरा नग घ्यायचे. दुकानदार तेच पुढे मुलांच्या गळ्यात मारायचे. चांगला खेळ हवा तर हाही घे. नववर्षाला मिळालेल्या पाकिटातले पैसे मोजून पोरे दोन खोकी घेऊन जायची.

काकूंनीही पहिल्या दिवशी तसेच विकले. तिसरीतल्या एका मुलीने अकरा हजार येन मोजले, दोन्ही खोकी घेतली आणि दुकानाबाहेरच दुसरे खोके शेजारच्या भजीवाल्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. रडली नाही, काही नाही. काकूंनी ते तेलकट खोके बाहेर काढले आणि त्या दिवसापासून चांगला खेळ एकटाच, छापील किमतीला विकला. सोबतचा माल माडीवर. असे वर्ष दीड वर्ष चालले. नवऱ्याने, तोकुजींनी, तोटा भरून काढायला सार्वजनिक स्नानगृहात फरशा घासल्या. ते भांडले नाहीत. दर नववर्षाला मात्र, जेवताना, एकदा म्हणायचे, "असतीलही चांगले. कुणी बघितलंय?" नऊ वर्षांपूर्वी ते गेले.

आकडा ठरण्याआधी आम्ही तिघे माडीवर गेलो तेव्हा पुठ्ठ्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी होती आणि चटईला ओल्या फडक्याचा वास होता. हिगाशिदे मात्र हरखून गेला. कॅसेटींच्या पितळी दातांवर भिंग धरून म्हणाला, एकाही दातावर ओरखडा नाही, म्हणजे या कधी यंत्रात गेल्याच नाहीत. चांगले खेळ घरोघर पडलेत, त्यांना कोण विचारतो. हे इतके टाकाऊ होते की कोणी जपलेच नाहीत, म्हणून भाव.

"घेणारे खेळतात का?" काकूंनी विचारले.

"छे हो आजी. काचेच्या पेटीत ठेवतात. खेळलं की किंमत गेली."

काकूंनी तोंड असे केले जणू घासात केस आला. मग, त्याने तो आकडा पुढे सरकवल्यावर, म्हणाल्या, आधी एक लावून बघायचा, त्याशिवाय सौदा नाही.

हिगाशिदे गयावया करू लागला. त्यांनी हाताला लागेल ते खोके ओढले. त्यात एका सुताराचा खेळ होता, त्याच्या यादीप्रमाणे एक्केचाळीस हजारांचा. त्याने दुसरा स्वस्तातला सुचवला, तर काकू म्हणाल्या, "तू गप. तेहेतीस वर्षं मी हे उघडलं नाही, ते स्वस्त-महाग बघून नाही. चांगला निघाला असता तर तो माणूस फुकट फरशा घासत राहिला, असं झालं असतं. ते मला बघायचं नव्हतं. आता बघते."

दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायचे यंत्र आणि छोटा टीव्ही कापडाखाली होता. चालू झाला. खेळायचा रिमोट त्यांनी माझ्या हातात दिला. "माल तुमचा, ओकुमुरा. तुम्हीच वाढा."

सुतार शिडीखाली उभा. वरून खिळे पडत होते. चारच सुरांचे संगीत पुन्हा पुन्हा वाजत होते, आणि खेळ थांबवला तरी ते थांबत नव्हते. पहिल्या पायरीवर मी पोचलो. दुसरी गाठता येईना. उडी मारली की बोटभर कमी पडायची, आणि खिळा डोक्यात. बावीस मिनिटे मी सुतार मारत होतो. मग काकूंनी रिमोट ओढून घेतला. पुढे वाकून, दात आवळून त्या अर्धा तास उड्या मारत राहिल्या. खेळ वाईट निघावा असे ज्यांना वाटायला हवे होते, त्याच "चढ, मेल्या, चढ" म्हणत होत्या.

"नाही चढत तो," हिगाशिदे हळूच म्हणाला. "बनवणाऱ्यांनी उडी मोजलीच नव्हती. पहिल्या पायरीच्या पुढे आजवर कोणी गेलेलं नाही. म्हणून तर मागणी आहे."

काकूंनी रिमोट खाली ठेवला आणि तळहात एप्रनला पुसला, पुन्हा पुसला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी मला विचारले.

मी खरे ते सांगितले. पेढीत कोणी एकही खोके उघडले नव्हते. माल हलत नाही, एवढेच आम्हाला माहीत होते.

"म्हणजे तोंडाला न लावता वाढत होतात. पोरांना."

आपण बरोबर होतो हे त्यांना कळले होते, पण मोरीतला वास नेमका कुठून येतो ते सापडल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा होता. तोकुजींचा फोटो मागच्या खोलीत होता. त्या तिकडे गेल्या नाहीत. संगीत चालूच होते, मी उठून यंत्र बंद केले.

मग हिगाशिदेला म्हणाल्या, उरलेले एकशे बासष्ट उचल. पुतण्याच्या शेडमध्ये हे सडवायचे नाही, आणि कचऱ्याच्या गाडीलाही द्यायचे नाही. "मोठे बाप्ये आहेत. स्वतःच्या पैशानं घेतायत, टाकाऊ आहे म्हणून घेतायत. घेऊ देत. पोरांचे पैसे नाहीत ते."

त्याने एकतीस लाख पंचेचाळीस हजार चारशेचा कागद केला. सुताराचे दोन हजार देऊ केले. काकूंनी ते खोके त्याच्या हातून काढून माझ्यापुढे आपटले.

"तेव्हा परत घेत नव्हतात. आता घ्या. तुमच्या पावतीवरच्या भावानं."

हिगाशिदे पेट्या टेम्पोत चढवत असताना त्या त्याला वाकून निरोप द्यायला दारापर्यंत आल्या नाहीत. पंचेचाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या बाबतीत असे पहिल्यांदाच झाले असावे.

पावतीवर भाव तीन हजार नऊशे पन्नास येन होता. माझ्या पाकिटात साडेतीन हजार निघाले. काकूंचे साडेचारशे येन मी अजून देणे लागतो.