पुराव्यात न धरलेली भेट

केळुसकर गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. त्यांच्या पत्नी शुभदावहिनींचा फोन होता. "सावंतभाऊजी, हे आज सकाळी उठलेच नाहीत..." शटर पुन्हा खाली ओढून मी अबुधाबीहून दुबईला, इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या घरी निघालो. वाटेत जे मनात आलं ते सांगायची लाज वाटते. मनात आलं, ती एक गोष्ट त्यांना विचारायची राहूनच गेली. त्याला आता तीन आठवडे झाले.

सात वर्षांपूर्वी अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या खेळण्यांच्या दुकानात हे गृहस्थ आले. तळहातावर मावणारं गेमचं यंत्र, आत चारशे गेम, किंमत साठ दिरहम, म्हणजे तेव्हाचे अकराशे रुपये. खोका उलटा धरून ते मागची बारीक अक्षरं वाचत होते. बोलण्याचा हेल ऐकला आणि मी विरघळलो. मालवणचे निघाले! चहा मागवला, अर्धा तास बांगडा आणि सुरमईवर गप्पा झाल्या. पैसे द्यायला लागले तेव्हा म्हटलं, "घरच्या माणसाकडून पैसे कसले घ्यायचे?"

"नको नको. पूर्ण पैसे घ्या आणि बिल द्या," ते म्हणाले. बिल केलं, पण त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीसाठी म्हणून तसलंच दुसरं यंत्र जबरदस्तीने पिशवीत कोंबलं. ते ओशाळले. मला वाटलं, बिचारा भिडस्त आहे.

पंधरा दिवसांनी एका गेम कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. माझ्या यंत्रातले गेम चोरीचे होते. सोबत माझ्याच बिलाची प्रत! गृहस्थ त्या वकिलांकडे नोकरीला होते. गिऱ्हाईक बनून नकली गेम विकत घ्यायचे, बिल घ्यायचं, सगळं पिशवीत सील करायचं, हेच त्यांचं काम. आपल्या पायावर आपणच धोंडा कसा मारून घ्यावा, हे कुणी माझ्याकडून शिकावं. हमीपत्रावर सही घ्यायला ते स्वतः आले. "सगळा माल द्या, पुन्हा विकणार नाही असं लिहून द्या. कंपनी इथेच थांबेल. नाहीतर प्रकरण दुकानाच्या लायसन्सवर येईल आणि मग सगळंच खलास." मी सही केली. चहा विचारला नाही.

नोटिशीत मात्र एकच यंत्र होतं. दुसऱ्याचं काय झालं? लेकीला दिलं असणार, असं मी ठरवून टाकलं. चोर पकडणाराच चोरीचा माल घरी नेतो, या विचाराने मला, खरं सांगतो, बरं वाटायचं.

महिन्याभराने ते पुन्हा आले. "आज कामाला नाही आलो," म्हणाले आणि उभेच राहिले. हाकलावंसं वाटत होतं, पण कुतूहल मोठं वाईट. विचारलं, "एवढ्या मोठ्या कंपनीला माझ्या टपरीवजा दुकानाचं काय पडलंय?" त्यांनी स्टूल ओढलं. म्हणाले, गेमवरचा हक्क मालक झोपला तरी मरत नाही, पण खोक्यावरच्या नावाचं, ट्रेडमार्कचं, तसं नसतं. कुणीही वापरलं आणि मालक गप्प बसला की नाव पातळ होत जातं. "पण हे जुने गेम कंपनी आता विकतच नाही ना? मग लोकांनी खेळायचे कुठे?" ते हसले. "मीपण साहेबांना हेच विचारलं होतं, हबीबी. मेलला उत्तर नाही आलं."

मग ते येतच राहिले, महिन्यातून एका शुक्रवारी. सील करण्याआधी प्रत्येक नकली गेम ते स्वतः खेळत, आणि काय काय बदललंय ते मला रंगवून सांगत. एकदा कुणी नक्कल करणाऱ्याने कायद्यातून सुटायला गेममधल्या बेडकाला चक्क शेपूट लावली होती. "शेपूट लावली तरी चोरी ती चोरीच. पण ती हलते काय सुरेख हो! कोण असेल हा माणूस?" आम्ही शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं. पहिल्या दिवशीचा तो चहा, त्या गप्पा खऱ्या होत्या की कामाचा भाग... हे मात्र मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांची लेक इरा, आता पंधरा वर्षांची, आतून एक पारदर्शक सीलबंद पिशवी घेऊन आली. "काका, आय वॉज नेव्हर अलाउड टू ओपन धिस. बाबा सेड इट्स फ्रॉम यू."

आत माझंच यंत्र होतं, खोक्यासकट. नकली म्हणून लेकीला खेळू दिलं नव्हतं, आणि नष्टही केलं नव्हतं. वर पुराव्याला लावतात तशी चिठ्ठी होती, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. दुकानाचं नाव, तारीख त्या पहिल्या दिवसाची, आणि खाली : "खरेदी नाही. भेट. पुराव्यात धरू नये." नोटीस यायच्या पंधरा दिवस आधीच त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. सात वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात चोर म्हणत आलो होतो. मला तिथेच रडू फुटलं.

पिशवी आता माझ्या गल्ल्यामागच्या फळीवर आहे. एखादा मुलगा बोट दाखवतो, तेव्हा विकायचं नाही म्हणून सांगतो. या यंत्रातल्या बेडकाला शेपूट आहे का, ते बघायची फार इच्छा होते... पण सील केळुसकरांनी लावलंय, ते मी फोडत नाही.