दारासमोरच्या होत्तोकवाल्या मावशी

तुम्ही तावातावाने त्यांच्या गाडीपाशी जा. त्या आधी कागदी पेल्यात माशाचं वाफाळतं कढण ओतून तुमच्या हातात देणार. "आधी प्या, मग भांडा." कढण फुकट. फुकटचं पिऊन कोण भांडेल, म्हणाल. मी भांडायचे.

कारण जपानमधल्या या निशी-कसाई वस्तीतला तो कोपरा माझा होता. म्हणजे, व्हायला हवा होता. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि मसाल्याचं दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. दारासमोरची मोकळी जागा वडापावसाठी दोन हिवाळे मालकाकडे मागत होते. त्याने ती दिली या कोरियन मावशींना! हे मी त्यांना रोज ऐकवायचे.

त्या मला 'मसाला-सान', म्हणजे मसालेवाल्या बाई, म्हणत. दोघींचं जपानी मोडकं, पण भांडणापुरतं भरपूर.

"तुमच्या माशाचा वास माझ्या वेलदोड्यांना लागतो!"

"तुमच्या हिंगाचा माझ्या गिऱ्हाइकांना," म्हणत त्या तव्यावरचा होत्तोक उलटत.

होत्तोक म्हणजे साखर, दालचिनी, दाणे भरलेली जाड पोळी. पहिल्यांदा घेताना मी अर्थातच घासाघीस केली. "कमी नाही. जास्त घ्या," म्हणून त्यांनी वर आणखी एक ठेवला. मी पुरणपोळीसारखी घडी घालून चावले, तर उकळता पाक थेट हनुवटीवर! सगळी रांग हसली. बोटं चाटत मीही हसले. नाक बधिर करणारा वारा, तोंडात दालचिनी. पाच मिनिटं राग कुठे ठेवला तेच आठवेना.

संध्याकाळी आमची पुण्या-मुंबईची मंडळी स्टेशनवरून थेट तिथेच. शाकाहारी कोण, हे मावशींना तोंडपाठ. कढणाकडे हात गेला की ओरडत, "तुम्ही नाही! मासा!" आणि त्या हातात होत्तोक ठेवत.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी त्या योकोहामाला लेकीकडे कायमच्या निघाल्या. गाडी ट्रकवर चढली, मावशी ड्रायव्हरशेजारी बसल्या. तेवढ्यात मालक मला म्हणाला, "कोपरा आता तुमचा. भाडं मात्र थोडं वाढेल."

मी तोंड उघडण्याआधी ट्रकची काच खाली आली.

"वाढणार नाही! दोन हिवाळे थांबली आहे ती!"

मालक वाकून वाकून "पण... पण..." करत राहिला. समोरचा सिग्नल हिरवा झाला. ट्रक हलला तरी मावशी खिडकीतून अर्ध्या बाहेर, बोट उगारून भांडतच होत्या. आणि मालक ट्रकच्या बाजूने धावत, हात जोडून ओरडत होता, "जुनंच भाडं! बरं, जुनंच!"