जर्मनचा हंडा आणि हाली पैसा

सत्तरच्या दशकात झरीतल्या आमच्या घरी जर्मनचा हंडा आला, तेव्हा आईचा रुबाब बघण्यासारखा होता. जर्मन म्हणजे आपलं ॲल्युमिनियम. परदेशाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सेलूच्या बाजारातून आणलेला, हलका, चकचकीत. नुकतीच लग्न होऊन आलेली काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, तो रोज राखेनं घासायची आणि विहिरीवरून भरून आणायची.

वर्ष सरायच्या आत हंडा गळायला लागला.

"खरडून खरडून भोक पाडलं हिनं," आईनं निकाल देऊन टाकला. "माहेरी हंडा कधी बघितला न्हाई वाटतं."

माहेर काढल्यावर काकूनं लुगडी गाठोड्यात बांधली आणि माहेरी गंगाखेडला जायला परभणीच्या बसची वाट बघत रस्त्याकडच्या ओट्यावर बसली. त्या घरात मोकळं हसणारी तेवढी एकच होती.

मी तेव्हा परभणीला सायन्सला होते, म्हणजे घरातली अतिशहाणी. हंडा उन्हात नेऊन आत डोकावले. राखेनं झिजला असता तर सगळीकडून झिजला असता. इथं बाकी पत्रा ठणठणीत, आणि तळाला एकाच जागी गोल वण, पांढुरकी पूड, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. त्यातलाच एक आरपार गेलेला.

पाणी शुद्ध राहावं म्हणून आई हंड्यात निजामाच्या वेळचा तांब्याचा हाली पैसा टाकायची. बूड जिथं दबलं होतं, तिथंच तो नेहमी जाऊन बसायचा. मी तो वणावर ठेवला. तंतोतंत बसला.

"आई, जर्मनच्या अंगावर पातळ साय असती, तीच ह्याला राखती. तांबं आन् आपलं मचूळ पाणी एका जागी बसलं की साय तिथंच फाटती, आन् तेवढंच कुरतडत जातं. पत्र्यात लोखंडाचा कण मिसळलेला असला तरी तसंच."

आईनं पैसा उचलून कनवटीला लावला. उभ्या जन्मात तिनं कुणाची माफी मागितली नव्हती. ती ओट्यावर गेली आणि काकूच्या मांडीवरचं गाठोडं उचललं.

"ऊठ. बस गेली."

तेवढ्यात वळणावर बसचा हॉर्न वाजला. आम्हा तिघींनाही ऐकू आला.

"अक्का, बस तर आत्ता यायलीय," काकू म्हणाली.

"गेली म्हणून सांगायले ना मी!" आई ओरडली, आणि गाठोडं छातीशी धरून भराभरा घरात गेली.

काकू डोळे पुसत, हसत तिच्या मागं गेली. बस थांबली, वाट बघून निघून गेली.