व्याह्यांचा विमानचोर

पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत ज्या माणसाने विमान पळवलं, त्याच्याविषयी त्याच्या सख्ख्या आईला नसेल एवढी माहिती आमच्या व्याह्यांना आहे. प्रकरण खरं आहे. काळा टाय लावलेला एक साधासुधा माणूस विमानात बसला, बॅगेत बॉम्ब आहे असं सांगून त्याने पैसे आणि पॅराशूट मागवून घेतले, आणि भर पावसात, उडत्या विमानाच्या शेपटीखालचा जिना उघडून उडी टाकली. तो पुन्हा कुणालाही दिसला नाही. तिकडच्या पोलिसांनी वर्षानुवर्षं जंगलं धुंडाळली आणि शेवटी फाईल मिटवली. ती फाईल संगमनेरजवळच्या एका खेड्यात, पत्र्याच्या पडवीत, अजून उघडी आहे.

व्याह्यांची उभी हयात नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर गेली. तिथल्या कँटीनमध्ये वडे बांधून आलेल्या एका जुन्या मासिकात त्यांनी ही हकीकत वाचली. शेवटचं पान फाटलेलं होतं. तो माणूस पुढे कुठे गेला हे त्या फाटक्या पानावर असणार, अशी त्यांची पक्की समजूत झाली आणि पुढची कित्येक वर्षं ते रद्दीच्या दुकानांतून तेवढं एक पान शोधत हिंडले. मग घरात मोबाईल आला. त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या जावयाने, सगळं शोधून त्यांना भीत भीत सांगितलं, की बाबा, याला उत्तरच नाही, तो सापडलाच नाही. दुसरा कुणी असता तर खचला असता. व्याहीबुवा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हंजी काम बाकी हाय!" त्याच दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली.

आमच्या मुलीची बोलणी करायला आम्ही प्रथम त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मी सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेलो होतो. मुलीचं शिक्षण, नोकरी, गोत्र, सगळं. चहा झाल्यावर व्याही खुर्ची पुढे ओढून माझ्या कानाशी आले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, एक इचारतो, खरं सांगा. तुमी त्याच्या जागी आसता, तर उडी मारली आसती का?" मला वाटलं, ही या घराण्याची काही जुनी रीत असावी. मी घाबरून "हो" म्हणालो. त्यांनी लगेच आत तोंड करून सांगितलं, "अगं, माणसं चांगली हायेत!" लग्न तिथेच ठरलं.

त्यांचा सिद्धांत एकच: तो मेला नाही. तिकडचे मोठमोठे लोक म्हणतात, टाय आणि साधे बूट घालून त्या थंडीपावसात कोण जगेल? व्याह्यांना हे 'कोण जगेल' मान्य नाही. आयुष्यभर केसाएवढा फरक मोजलेला माणूस तो, अंदाजाने बोललेलं त्याला चालत नाही. त्यांनी पाण्याच्या टाकीवर चढून विहीणबाईंची नवी चादर आणि गव्हाचं अर्धं पोतं यांचं पॅराशूट सोडून पाहिलं. ते वाऱ्याने थेट पलीकडच्या आळीत, एका मुंजीच्या मांडवावर उतरलं. यजमानांनी पोतं परत केलं, चादर मात्र आहेर समजून ठेवून घेतली. विहीणबाई अजून त्या घरी हळदीकुंकवाला जात नाहीत.

एवढ्यावर भागलं नाही, तेव्हा ते टाय बांधून, कोट चढवून आणि लग्नातले चामडी तळाचे बूट घालून भंडारदऱ्याला गेले आणि पावसात एकटेच रानातून चालू लागले. अशा माणसाला किती चालवतं, कुठे चालवतं, ते त्यांना पाहायचं होतं. दिवसभरात ते एकोणतीस वेळा पडले आणि प्रत्येक वेळा वहीत लिहिलं: कुठे, कोणत्या कुशीवर, कशामुळे. संध्याकाळी एका वाडीत पोहोचले तर तिथल्या आजीबाईंनी कोट बघून त्यांना सरकारी साहेब ठरवलं. चहा दिला, बसायला घोंगडी दिली आणि घरकुलाचं कुठवर आलं ते विचारलं. व्याह्यांनी तिला सगळी विमानाची गोष्ट सांगितली. आजीने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "आसंल बाबा. त्याचं घरकुल झालं का?"

या सगळ्याची सर्वांत जास्त टवाळी कुणी केली असेल, तर ती आमच्या थोरल्या भावाने. दादा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. नकाशा म्हणजे त्याचा देव. लग्नाच्या पंगतीत त्याने भर गर्दीत विचारलं होतं, "काय व्याही, तुमचा चोर सापडला का? का तुमच्याच उसात लपलाय?" सगळे हसले. व्याहीही हसले, पण त्यांनी पुढची जिलेबी घेतली नाही, हे मी पाहिलं.

गेल्या भाद्रपदात आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून भंडारदऱ्याला गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर दादा छत्री घेऊन उठला. "वर सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर जाऊन भरलेलं धरण बघून येतो, अर्ध्या तासात," म्हणाला. वाटाड्या घ्या म्हटलं तर म्हणाला, "मला? मी तालुके मोजलेत." तो गेला आणि पाठोपाठ धुकं आलं. असं आलं की समोरची जीप दिसेना. एक तास गेला, दोन गेले. मोबाईलला रेंज नाही. जवळच्या वाडीतली माणसं आणि पोलीस पाटील वर सड्यावर शोधायला गेले, हाका मारून घसा बसवून परत आले. वहिनींच्या हातात दादाच्या मधुमेहाच्या गोळ्यांची डबी होती. ती घट्ट धरून त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "त्यांनी दुपारची गोळी घेतली नाही हो."

आणि अशा वेळी व्याही त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारते झाले, "वैनी, पायात काय हुतं?"

"बूट."

"तळ रबराचा का चामड्याचा?"

माझा तोल गेला. "अहो, माणूस हरवलाय आमचा! बुटांचं काय घेऊन बसलात?"

ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. वहिनी रडत रडत म्हणाल्या, "चामड्याचा. नेहमीचे, ऑफिसचे."

"मंग त्यो वर न्हाई," व्याही उठत म्हणाले. "वल्या गवतावर ह्या बुटानं चढता येत न्हाई, पाव्हणं. मी पडलोय. गडी दहा पावलं चढतो, चार घसरतो, मंग दमून आडवा सुटतो. आडवा गेला की आपसूक खाली येतो. खाली पान्याचा आवाज येतो. वढा वलांडायला भितो, म्हनून वढ्याच्या काठानं निगतो, आन् पयली सपाट जागा आली की बसतो. पयली सपाट जागा म्हंजी भाताच्या खाचराचा वरचा बांध. चला."

सगळ्या जगाने वर शोधलं होतं. आम्ही तिघं, व्याही, मी आणि वाडीतला एक गडी, खाली निघालो. व्याही पुढे. मधेच थांबून ते वाकायचे, गवतावरची घसरण हाताने चाचपायचे आणि "ह्यो बघा, डाव्या कुशीवर पडलाय," असं म्हणून पुढे व्हायचे. मी मनातल्या मनात देवाला आणि त्यांना, दोघांनाही, आळीपाळीने हात जोडत होतो. ओढा लागला. ओढ्याच्या काठाने पाऊणएक तास चाललो. धुक्यात पहिलं खाचर दिसलं, आणि त्याच्या वरच्या बांधावर, उघडी छत्री डोक्यावर धरून, सुजलेला पाय लांब करून, आमचा दादा बसला होता. ओठ पांढरे पडले होते. आम्हाला पाहून तो क्षीण आवाजात म्हणाला, "इथला नकाशा चुकीचा आहे."

मी त्याच्या गळ्यात पडून रडलो. व्याह्यांनी अंगातला स्वेटर काढून त्याला घातला, वहिनींकडून आणलेली गोळी दिली, खिशातला बिस्किटाचा पुडा फोडला आणि मग, राहवेना म्हणून, त्याच्या बुटाचा तळ एकदा उलटा करून पाहिला. गड्याने आणि मी हातांची खुर्ची करून दादाला उचललं. वाडी दिसू लागताच आमच्या पुढे चालणारा तो पाच फुटी माणूस दोन्ही हात वर करून धावत सुटला आणि अख्ख्या दरीला ऐकू जाईल असा ओरडला, "सापडला! जित्ता सापडला! म्हंजी त्योबी मेला न्हाई!"

वहिनी त्यांच्या पाया पडायला वाकल्या तेव्हा ते लाजून जीपमागे लपले. त्या संध्याकाळी वाडीत त्यांच्या नावाने नारळ फुटला, पोलीस पाटलांनी त्यांच्या डोक्यावर मानाची टोपी ठेवली आणि दादाने, भर मंडळींत, पाय पाटावर ठेवून जाहीर केलं, की तो चोर जिवंत आहे आणि यापुढे याबाबत कुणी शंका काढली तर गाठ त्याच्याशी आहे. आता दर रविवारी दोघांचा तासभर फोन चालतो. दादाचं म्हणणं, तो उत्तरेला गेला. व्याही म्हणतात, दक्षिणेला.

बोलण्याबोलण्यात दादाला एक गोष्ट कळली: विमानाचा एवढा अभ्यास केलेला हा माणूस विमानात कधी बसलाच नव्हता. दादाने तडक तिकिटं काढली. शिर्डीहून हैदराबाद, तिथे त्याची मुलगी राहते. मीही गेलो. विमानतळावर चोराचं किंवा बॉम्बचं अक्षरही तोंडातून काढायचं नाही, अशी विहीणबाईंनी शपथ घातली होती, त्यामुळे व्याही दोन तास ओठ मिटून होते. विमान छोटं, आणि चढायचा जिना नेमका शेपटीकडे. तो पाहिल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की जिन्याशी उभ्या असलेल्या हवाईसुंदरीलाही हसू आलं. पायऱ्या त्यांनी नवरदेवासारख्या चढल्या. जागा शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी.

विमान वर गेलं. उसाचे हिरवे तुकडे, त्यांच्यापलीकडे तपकिरी माळ, दोऱ्यासारखा रस्ता. दादा बोट दाखवून तालुके सांगत होता. व्याही कपाळ काचेला टेकवून नुसते खाली बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझा हात धरला.

"लई खाली हाय वो जमीन," ते हळूच म्हणाले. आणि मग, "त्याला भ्या वाटलं आसंल, पाव्हणं. एवढ्या वह्या भरल्या, पन हे मी कुटंच लिवलं न्हाई."

त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि हैदराबाद येईपर्यंत ते तसंच उघडं हातात धरून बसून राहिले.