तोच मथळा

रामदासपेठेतल्या आमच्या गल्लीत एक संपादक दर रविवारी सायकलवरून आपलं साप्ताहिक स्वतःच वाटायचे. बोटांना कायम शाई. पहिल्या पानावर कायम एकच मथळा: ‘नाली तुंबली, नगरसेवक झोपले!’ दर आठवड्याला लागतो म्हणून छापखान्यात त्याचे खिळे जुळवूनच ठेवलेले होते.

पुढे तेच निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. गल्लीनं गुलाल उधळला. पुढच्या रविवारी मी उत्सुकतेनं अंक उघडला, तर तोच मथळा!

“भाऊ, आता नगरसेवक तुम्हीच ना?”

तुंबलेल्या नालीकडे शाईचं बोट दाखवत ते खळखळून हसले. “तोच तं झोपून राहिला ना गा! त्याले माह्याशिवाय कोण उठवन?”

आणि घंटी वाजवत शेजारच्या घरी स्वतःचीच तक्रार द्यायला निघाले.