दादा पुण्यात राहतात

दर शुक्रवारी जगभरातली नवी क्लबची गाणी बाहेर पडतात आणि रविवारपर्यंत त्यातल्या एखाद्याला मी हलगी लावलेली असते. दिवसा शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते, घरी येऊन रिमिक्स करते. परदेशात कुणीतरी मोठ्या कष्टानं ठोका बसवलेला असतो. मी त्याचा वेग जरा कमी करते, कारण सोलापुरात नाचणारा माणूस बहुधा जेवून आलेला असतो. मग मधोमध हलगी सोडते आणि गाणं डीजेवाल्यांच्या ग्रुपवर टाकते.

ग्रुपवरच्या माझ्या टोपणनावावरून बाई की बुवा ते कळत नाही. ग्रुपनं मात्र पहिल्याच दिवशी निकाल लावून टाकला. ‘दादा, विषय संपला!’ ‘दादा, जाळ काढला!’ ‘दादा, पुढचं कधी?’ मीही गप्प बसले. आयता मान मिळत होता, कशाला खोडा घाला? पण पुढेपुढे ते ‘दादा’ वाचलं की माझं डोकं फिरायला लागलं. कष्ट माझे आणि कौतुक कुण्या दादाचं! मला एवढंच हवं होतं, की माझं गाणं भर गर्दीत वाजावं आणि चारचौघांत कुणीतरी म्हणावं, हे हिनं केलंय.

ते आई म्हणेल अशी आशा नव्हती. घरात आम्ही दोघीच, खोल्याही दोनच आणि तिच्या चुलीमागच्या भिंतीला माझे स्पीकर. “फोडणीतली मोहरीपन तालात उडायलीय,” ती म्हणायची. “ह्याला गाणं म्हनत्यात व्हय?” लग्न झालं की हे खूळ जाईल, असं तिनं सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं.

मग मामेभावाचं लग्न निघालं. हॉल सात रस्ता चौकाजवळ. नवरदेव मारुतीला जाऊन वाजतगाजत हॉलवर येतो, तो आमच्याकडचा परण्या. तो इतका रेंगाळला, की आत हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पंगत बसवून टाकली. बाहेर दाराशी स्पीकरनं भरलेली पिकअप उभी होती आणि डीजेवाल्यानं एकदम माझं गाणं लावलं.

माझ्या अंगावर काटा आला. गुडघ्याचं निमित्त करून कधी जिना न चढणारे मामा हवेत उड्या मारत होते. घोडा सोडून सगळे नाचत होते. मी तडक पिकअपच्या पायरीवर चढले.

“हे गाणं माझं आहे!” मी ओरडले.

“ताई, खाली उतरा, तितं वायर हाय,” डीजेवाला म्हणाला. “अन् हे दादांचं हाय. लई मोटा मानूस. पुण्यात ऱ्हातोय.”

“पुण्यात राहतो हे कुणी सांगितलं?”

“एवढं भारी करतोय म्हंजे पुण्यातच असनार की!”

मला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी ते कळेना. कौतुकही माझंच करत होता आणि मलाच खाली उतरवत होता. मी शेवटचा पुरावा काढला. गाण्यात एका जागी सगळं क्षणभर थांबतं आणि मग बेस कोसळतो. त्या शांततेत एक बाई कानडीत ओरडते, ‘ऊटक्क बा! लगू बा!’ म्हणजे जेवायला ये, लवकर ये. रेकॉर्डिंग करताना दार उघडं राहिलं होतं, म्हणून आईचा आवाज आत आला. तो काढून पाहिला तर गाणं अळणी लागलं, म्हणून तसाच ठेवला.

“ती माझी आई आहे,” मी म्हटलं.

“काय बी सांगताय व्हय! ती साऊथची सिंगर हाय,” तो म्हणाला. “असा आवाज घरी निघत न्हाय.”

एवढ्यात हॉलच्या दारात पदर खोचलेली आई उभी राहिली आणि तिनं मला हाक मारली. “ऊटक्क बा! लगू बा! हुग्गी संपायलीय!”

डीजेवाल्याचा हात बटणावरच थांबला. त्यानं आवाज बंद केला, पिकअपवरून उडी मारली आणि आईसमोर जाऊन हात जोडले.

“मावशी, म्हंजे दादा तुमचा मुलगा!”

“कुटला दादा?”

“हे गानं केलंय ते.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. सगळे नातेवाईक बघत होते, तिनं ज्यांना खुळाबद्दल सांगितलं होतं तेच. मला काय म्हाईत, असं म्हणून तिला सहज सुटता आलं असतं.

“मला मुलगा न्हाय,” आई म्हणाली. “ही एकच हाय. घरात जे काय वाजतंय ते समदं हिचंच. भांडी घासताना मीच पैल्यांदा ऐकते.”

मला रडू आलं आणि मेकअपचा सत्यानाश झाला. डीजेवाला पळतच पिकअपवर गेला आणि त्यानं माइक उचलला.

“पब्लिक, ऐका! आज आपल्यात सोता दादा आल्यात!” एवढं बोलून तो अडकला. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या सात रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, “म्हंजे ताई. ताई आल्यात.”