समद्यांनी यायचं की

अन्याय झाला तो आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या हलगीवाल्यावर, गणपतीच्या पाचव्या दिवशी, गाणं सुरू व्हायच्या जरा आधी, मांडवाच्या दारात.

त्या दिवशी सकाळपासून तो गणपती मंडळाच्या टांग्यापुढं हलगी वाजवत चालत होता. हवा दमट होती. हलगीचं कातडं सैल पडलं की कोपऱ्यावर कागद पेटवून शेकायचा आणि पुन्हा ओरडायचा, "आज सांजला गाणं हाय, समद्यांनी यायचं की." टांग्यातून जाहिराती मी वाटत होतो.

संध्याकाळी तो धुतलेला सदरा घालून आला. मंडळाच्या चिटणिसांनी त्याला अडवलं.

"तुझं काम झालं न्हवं? आता काय?"

"गाणं ऐकाय आलोय, सायेब. समद्यांस्नी बोलावलंय की."

"त्या समद्यांत तुमची जात न्हाय. रस्त्यावर बस, कर्णा लावलाय."

शिवाशिव कायद्यानं गेली, असं मी ओरडून सांगितलं. लोक म्हणाले, गाणं खोळंबतंय. तेवढ्यात म्हातारा आपणहून रस्त्यावर जाऊन बसला.

पुढच्या वर्षी त्यानंच दवंडी दिली, "आज सांजला गाणं हाय." एवढंच. समद्यांना तो बोलावेना.

यंदाच्या गाण्याची ही जाहिरात तुमच्या हातात आहे. मांडवात शिरताना रस्त्याकडं बघा. तो तिथं बसलेला दिसला, तर त्याला हाताला धरून आत न्या, नाहीतर तुम्हीही आत बसू नका.